घूं

रबाळे एमआयडीसी, गाळा नंबर बावीस.
बाकावर दोन ॲम्प, खांद्याला खांदा लावून.
नाव तेच, अक्षरांचं वळणही तेच,
फक्त माझ्या पाटीतलं एक अक्षर पडलंय
आणि तिथल्या गोंदावर सव्वीस वर्षांची धूळ.

नवा मुग्धा कोयंडेचा. तीन हप्ते बाकी आहेत,
म्हणून ती त्याच्यावर चहाचा ग्लास ठेवू देत नाही.
माझ्यावर गोल डागांची साखळी.

मढवी दोघांची पाठ उघडतात.
मढवी घणसोलीचे. बेलापूर रोडच्या टीव्ही कारखान्यात पंधरा वर्षं,
तो बंद पडल्यावर गावोगावच्या हळदींचे स्पीकर,
मग आमच्यासारखे केसवाले.
"ह्याच्या तारा माणसाने जोडल्यात," ते म्हणतात.
"इथे हात थरथरला असेल, डाग जाड पडलाय.
आणि ह्याच्यात सगळं छापलेलं. चुकायला जागाच नाही."
चांगला कोणता, ते सांगत नाहीत.
बिल दोघांचं सारखंच होणार.

गिटार एकच, वायर एकच, गेन सातवर.
आठवर मी कधी गेलो नाही:
वागळे इस्टेटमध्ये आमच्या खोलीच्या डोक्यावर
रात्रपाळीचे लोक दिवसा झोपायचे.

नवा आधी.
बोट पडायच्या आत आवाज समोर उभा,
नुकत्या कापलेल्या पत्र्याची कड.
हात उचलला की संपला.
मागे काही म्हणजे काही उरत नाही.

माझा उशिरा बोलतो.
जाड तार छेडली की आत वीज कमी पडते,
सूर आधी खाली बसतो, मांडी घालतो,
मग उठतो.
"काका, हा दमलाय," मुग्धा म्हणते.
ट्रान्सफॉर्मर तिच्याहून चार वर्षांनी मोठा आहे.
आणि मी इतकी वर्षं समजत होतो
की ते किंचित मागे राहणं
ही माझी ढब आहे.

वर एक धार आहे म्हणे नव्यात,
काचेवर नखासारखी. तिला लगेच ऐकू येते.
मला नाही. माझ्या कानांचा आलेख
चार हजारपाशी खड्ड्यात उतरतो.
तो खड्डा ह्यानेच खणला,
ह्या जुन्याने, सातवर ठेवून.

मग ती नवा बंद न करता वाजवायची थांबते
आणि इतकी शांतता होते
की शेजारच्या गाळ्यातला प्रेस ऐकू येतो,
ट्यूबलाईटचा चोक,
आणि डाव्या कानातली माझी खाजगी शिट्टी,
जी मला वाटलं होतं, गेली.

गेली नव्हती.
माझ्या ॲम्पची घूं तिच्यावर पांघरूण घालत होती.
पन्नास हर्ट्झ, 'जी'पेक्षा केसभर चढी.
आमची सगळी गाणी त्याच घरी येऊन का टेकायची,
हे ऑस्विनला आता सांगायला हवं.
तो त्याला प्रेरणा म्हणायचा.

"कपॅसिटर सुकलेत," मढवी म्हणतात.
"बदलले की घूं साफ. संध्याकाळपर्यंत देतो."
मी हो म्हणतो. मग म्हणतो, थांबा.
मग पुन्हा हो.

ते म्हणतात, एकदा चालू करा, शेवटचं बघून घेऊ.
कोणी काही वाजवत नाही.
मढवी पेटीवर तळहात ठेवतात,
जावयाने बैल बघावा तसे, जरा परके, जरा कौतुकाने.
त्यांनाही वरचं ऐकू येत नाही, कारखान्याची कृपा.
मुग्धा मोबाईल पुढे करून घूं रेकॉर्ड करते.
का, ते मी विचारत नाही.

आणि लाईट जाते.
नव्यातला रिले टक् करून तोंड मिटतो.
जुना मात्र
अजून बातमी न पोचलेल्या माणसासारखा
बोलत राहतो, बारीक होत होत,
व्हॉल्व्ह तांबडे, मग विटकरी, मग नुसती काच.

मी आतली ती जाड डागाची जागा
बोटाने बघायला जातो.
मढवी मनगट धरतात.
"आत हात नको," अंधारात ते म्हणतात,
"लाईट गेली तरी
चारशे व्होल्ट बसलेले असतात तिथे."